दुसरी नळी

२ फेब्रुवारी

मित्सुए,

पत्राच्या आरंभी ऋतूबद्दल चार शब्द लिहायचे असतात. थंडी आहे. लिहिले.

तुझं जाड पाकीट पोचलं. मी चौथीत शाळा सोडली, अवघड अक्षरांशी माझं कधी जमलं नाही, हे माहीत असूनही तू सगळं वकिली भाषेत लिहून पाठवलंस. मग नाओफुमीला समोर बसवून वाचून घेतलं. तो अजून रोज येतो. लग्नाआधीच सुमिका गेली, त्याचं या घराशी आता काही नातं उरलं नाही. तरी सकाळी येतो, कापड रंगवायचे निळीचे रांजण ढवळतो, दोन घास खातो आणि जातो. मी ये म्हणत नाही आणि जा म्हणत नाही.

वाचताना तो दोनदा उठून रांजण बघून आला. मला कळलं ते एवढं: डॉक्टर कुसुमोतोनं सप्टेंबरात आणि पुन्हा डिसेंबरात तपासणीचा आकडा बघून सांगितलं, आतड्याचा आजार उलटायची चिन्हं नाहीत. आणि डिसेंबर संपायच्या आत तो असा उलटला की आतडं फाटलं, आणि पाच जानेवारीला एकोणतीस वर्षांची तुझी पोर गेली. म्हणून डॉक्टरवर तक्रार. ती माझ्याजवळ राहायची, म्हणून कागदाच्या खाली सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का हवा.

डॉक्टरचं चुकलंच. नाही कोण म्हणतंय? पण शिक्का सापडत नाहीये. सापडला की बघू.

शेवटचे महिने ती कशी होती, असं तू विचारलंस. बरी होती. खात होती, हसत होती, कामाला उभी राहत होती. एवढं पुरे.

बावीस तारखेला एकोणपन्नासावा दिवस आहे. देवळातला म्हातारा दहाला येईल. हाडं तोवर घरात देवघरापुढे आहेत. यायचं तर ये. गेल्या वेळेसारखी हॉटेलात उतरू नकोस, लोक बोलतात. उतरलीस तरी चालेल, लोक तसेही बोलतातच.

हात्सु


२४ फेब्रुवारी

मित्सुए,

साप्पोरोत बर्फ होता, विमान उडालं नाही, म्हणतेस. असेल. इथे बसून मला काय दिसतंय?

कार्य पार पडलं. म्हाताऱ्यानं मंत्रातल्या दोन ओळी गाळल्या. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत पण ओळी मोजता येतात. नाओफुमीची आई रताळ्यांची पेटी घेऊन आली होती. सून मिळता मिळता राहिली तरी बाई रीत सोडत नाही. "आमचा मुलगा इथं येतो तेवढंच बरं, घरी बसला तर भिंतीकडे बघत बसतो," म्हणाली.

आणि डॉक्टर कुसुमोतो आला. एकटाच. काळा कोट, बूट काढले तर एका मोज्याला टाचेवर भोक. छत्तीस-सदतीसचा असेल. उदबत्ती लावली, बराच वेळ फोटोकडे बघत बसला, मग माझ्याकडे वळला आणि दोन्ही हात चटईवर टेकवून कपाळ खाली लावलं. म्हणाला, "मला कळायला हवं होतं."

उठेचना. केसांत पांढरं दिसायला लागलंय बिचाऱ्याच्या.

मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "चहा गार होतोय."

त्याला कसं कळणार होतं, ते तुला सांगते, कारण तू त्या वेळी नव्हतीस. गेल्या जूनमध्ये मी सुमिकाबरोबर गेले होते. त्यानं आम्हाला दोघींना बसवून समजावलं. हा आजार जात नाही, झोपतो. झोपलेला असताना माणूस धडधाकट दिसतो. पण आतड्याला आतून सूज धरायला लागली की शौचात एक पदार्थ वाढतो, आणि पोटात दुखायच्या, रक्त पडायच्या दोन-तीन महिने आधीच त्याचा आकडा चढतो. म्हणून दर तीन महिन्यांनी एका छोट्या नळीत थोडंसं घरून आणायचं. आकडा चढला तर औषध वाढवायचं, रोग दारात उभा राहायच्या आधी.

मला ते पटलं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी पण हेच करते. रांजण बिघडायचा असेल तर दोन दिवस आधी माझ्या जिभेला कळतं. वर फेस चांगला असतो, कापडाला रंगही चढत असतो, पण चव उतरलेली असते."

तो म्हणाला, "मग आपण दोघं एकाच धंद्यातले."

सुमिका म्हणाली, "फक्त डॉक्टर, तुम्ही ते चाखू नका म्हणजे झालं." बाहेरच्या नर्सला ऐकू जाईल एवढी हसली कार्टी.

जूनमध्ये आकडा दोनशे दहा होता. म्हणाला, हा थोडा चढलाय, सप्टेंबरात आणखी वाढला तर औषध बदलू. सप्टेंबरात आला अठरा. तोही चकित झाला. इतका खाली? पण खालीच होता, मग काय करणार? "छान," म्हणाला. त्या अठराचा मला राग येतो.

त्याला एक लहान मुलगी आहे. ती तक्रार पाठवू नकोस, मित्सुए. शिक्का अजून सापडला नाही.

हात्सु


१५ मार्च

मित्सुए,

तुझं एका ओळीचं पत्र मी स्वतः वाचलं. सोप्या अक्षरांत लिहिलंस, आभार. "आई, तू त्याची बाजू का घेतेस?"

सांगते. मधे तोंड घालू नकोस. पत्रात घालता येत नाही, हे एक बरं आहे.

सप्टेंबरातली नळी माझी होती.

नळी म्हणजे नळीतलं. तुला कळलं. सुमिकाचं म्हणून जे इस्पितळात गेलं ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीचं होतं, आणि अठरा हा आकडा माझ्या पोटाचा आहे. हे पोट कधी बिघडलं नाही. सुमिका म्हणायची, "आजी, तुझं पोट म्हणजे टपाल कचेरी. नऊला उघडतं, पाचला बंद." त्या पोटानंच घात केला.

तिनं मागितलं. खरंच मागितलं, मी तिच्यावर ढकलत नाहीये. सकाळी मोरीच्या दाराशी उभी राहिली, नळी हातात, आणि तोंड असं केलेलं जसं लहानपणी रताळ्याचा शेवटचा तुकडा मागताना करायची.

"आजी, एक काम आहे. घाण आहे."

"सगळीच कामं घाण असतात. बोल."

"यात तुझं देशील?"

मी म्हटलं, "वेड लागलंय का?"

मग ती तिथेच पायरीवर बसली आणि बोलली. नाओफुमीबरोबर ठरत आलं होतं. डिसेंबरात त्याच्या घरचे लग्न पक्कं करायच्या देवाणघेवाणीला येणार होते. आकडा वाढला असता तर डॉक्टरनं त्या जाड गोळ्या दिल्या असत्या, ज्यांनी बाविसाव्या वर्षी तिचं तोंड वाफवलेल्या पावासारखं फुगलं होतं. तू फोटो पाहिलायस. तेव्हा शेजारपाजारचे विचारायचे, "लेकीला काय झालं?", आणि ती चार महिने खिडकीचा पडदा उघडायची नाही. नाओफुमीच्या घरी आजाराचं सांगितलं नव्हतं. फक्त "पोट नाजूक आहे" एवढंच. घरजावई म्हणून मुलगा देणारे लोक आधी घराची चौकशी करतात. आजारी घरात कोण मुलगा देईल?

"मी एकदम बरी आहे," ती म्हणाली. "गोळ्या पण निम्म्या केल्यात, तरी बरी आहे. बघ की माझ्याकडे."

मी बघितलं. गालावर रंग. आदल्या रात्री दोन वाट्या भात खाल्लेला. कोपरापर्यंत निळे हात, रांजण ढवळून दंड माझ्यासारखे झालेले. मी म्हटलं, हिला काय धाड भरलीय?

साठ वर्षं मी शिकायला येणाऱ्या पोरांना एकच गोष्ट सांगत आले: फेस बघून रांजण चांगला म्हणू नका, जीभ लावा. आणि माझ्या नातीच्या वेळी मी फेस बघितला. जीभ लावायची जागा ती नळी होती. ती मी माझ्या हातानं बुजवली.

म्हणून डॉक्टरचं चुकलं नाही. त्याला खोटी चव दिली तर तो काय ओळखणार? कागद फाड.

तू चिडशील. चीड.

हात्सु


३ एप्रिल

मित्सुए,

तुझी पेटी आली. खारवलेला साल्मन मासा, समुद्रातल्या शेवाळाचं वाळवण, आणि वर पत्र. तेही सोप्या अक्षरांत. मी ते देवघरापुढे बसून वाचलं, मग रांजणाच्या खोलीत जाऊन वाचलं, मग पुन्हा वाचलं. "तिनं मागितलं आणि तू दिलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं असतं. तिचा हट्ट मोडणं कुणाला जमलंय? मी तुला दोष देत नाही, आई. मे महिन्यात तुझ्याकडे येते, घरीच उतरते."

एकवीस वर्षांत तुझ्याकडून मला असं पत्र आलं नव्हतं. मासा रोज थोडा थोडा भाजून खाल्ला. दहा दिवस मी कुणाची तरी आई होते. अकराव्या दिवशी मासा संपला आणि मला लिहायला बसावं लागलं.

नळ्या दोन होत्या, मित्सुए. दुसरीबद्दल तू विचारलं नाहीस. पहिल्यासारखीच असेल, असं तुला वाटलं. मी वाटू दिलं.

नोव्हेंबरापासून मला दिसत होतं. ती आपले कपडे वेगळे धुवायला लागली. भात अर्ध्या वाटीवर आला. रांजण ढवळता ढवळता काठी टाकून पळायची आणि आल्यावर म्हणायची, "फोन आला होता." फोन तिथेच कट्ट्यावर पडलेला. मी काही म्हटलं नाही. का म्हटलं नाही ते पुढे येईल.

सहा डिसेंबरला इस्पितळाची तारीख होती. सकाळी मी तयार होते. मला वाटलं ती नळी घेऊन येईल. ती आलीच नाही. मी गेले तर मोरीच्या बाहेर भिंतीला टेकून उभी. नळी हातात, रिकामी. ओठ पांढरे.

म्हणाली, "आजी, या वेळी माझंच देते."

मी म्हटलं, "का?"

"मला बरं वाटत नाहीये. रक्त पडतंय. बरंच."

आता ऐक मी काय म्हणाले ते. शब्द न् शब्द लिहिते, कारण हे मी रोज ऐकते.

मी म्हणाले, "चौदा तारखेला देवाणघेवाण आहे. आठ दिवस राहिलेत. आठ दिवस कळ काढता येत नाही? मग हव्या तर दहा नळ्या दे."

"पण डॉक्टर म्हणाले होते की..."

"डॉक्टरला हे घर चालवायचं नाहीये."

मी हात पुढे केला आणि नळी घेतली. तिनं ती नुसती हातात धरलेली होती, असं तुला लिहायचं मी ठरवलं होतं. तिनं घट्ट धरली होती. मला बोटं सोडवावी लागली.

आकडा आला तेवीस. डॉक्टरला तिचं रक्त जरा कमी दिसलं होतं, त्यानं विचारलंही. ती म्हणाली, महिन्याची पाळी जास्त गेली. त्यानं आतून तपासायची गोष्ट काढली. ती म्हणाली, नवीन वर्षात करू. त्यानं पुन्हा आकडा बघितला आणि हो म्हणाला. मी शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसले होते.

का केलं? नाओफुमी तिसरा मुलगा. आमच्या घरात यायला, आमचं आडनाव लावायला तयार होता. चिमूटभर कोंडा घरात असला तरी घरजावई होऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. तरी हा हसत तयार होता, निळीत हात घालायला तर आणखीच. सहा पिढ्यांचे रांजण आहेत. माझ्यानंतर कुणी नाही. तू नाही. तुझ्या वेळी मी असाच एक निवडून आणला होता, तुला न विचारता, आणि त्याचा काय उजेड पडला ते तुला माहीत आहे. तो दारूच्या मागे गेला, तू माझ्यापासून दूर गेलीस. तू पोरीचा हात धरून निघालीस तेव्हा मी दारात आडवी झाले: "पोर घराची आहे." आठ वर्षांची होती. तू तिला सोडून गेलीस असं मी गावभर सांगितलं. सोडून गेली नव्हतीस. मी ठेवून घेतली होती.

म्हणजे सप्टेंबरात तिनं मागितलं म्हणून दिलं. डिसेंबरात मी घेतलं. तिच्या लग्नासाठी नाही, रांजणांसाठी.

चौदा तारखेला तीन तास ती किमोनोत बसली. कमरेचा पट्टा मीच आवळला. नाओफुमीच्या आईनं मला कानात सांगितलं, "किती नाजूक आणि शांत आहे हो." घामानं तिची मान ओली होती. मी मधे बाहीच्या टोकानं पुसली आणि म्हटलं, "शाब्बास." हे सुद्धा लिहिते. पाहुणे गेल्यावर म्हटलं, आता जा डॉक्टरकडे. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "कशाला? माझा आकडा तर छान आहे, आजी." मी आणखी एकदाही जा म्हटलं नाही. सव्वीसला ताप चढला. सत्तावीसला गाडी बोलावली.

परवा मी हे नाओफुमीला सांगितलं. तो ढवळत होता. सगळं ऐकून घेतलं, काठी रांजणावर आडवी ठेवली.

"मला गेल्या वसंतापासून माहीत होतं," म्हणाला. "तिच्या पिशवीत औषधांची पाकिटं होती. मी नाव शोधून सगळं वाचलं होतं. ती सांगेल म्हणून थांबलो होतो."

"आणि तुझी आई?"

"आईलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, आजारी माणसाला जास्त माणसं लागतात." मग म्हणाला, "आजी, मला काय घाई होती? लग्न दोन वर्षांनी केलं असतं."

त्यानं हात धुतले, ॲप्रन घडी घालून कट्ट्यावर ठेवला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला. काल आला नाही. आजही नाही. रांजण मी ढवळले नाहीत. ढवळणारही नाही.

काल इस्पितळात गेले. एकटी, बसनं. शिक्का कधी हरवला नव्हता. देवघराच्या खणात होता. बरोबर नेला. डॉक्टर कुसुमोतोनं मला आतल्या छोट्या खोलीत नेलं. मी त्याला दोन्ही नळ्यांचं सांगितलं, आता तुला सांगितलं तसं, बोटं सोडवली इथपर्यंत. तो लिहीत होता, मधेच लिहायचा थांबला. मग म्हणाला, "हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा," म्हटलं. त्यानं लिहिलेल्या कागदावर शिक्का मारला. पहिला अर्धाच उमटला म्हणून दोनदा मारला.

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण त्यासाठीच तर गेले होते. म्हटलं, "डॉक्टर, सहा तारखेला तिची नळी आली असती तर?"

म्हातारीला काय सांगायचं, असं म्हणून तो खोटं बोलू शकला असता. मी आभार मानून घरी आले असते. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, बोटांवर मोजलं.

"त्याच आठवड्यात दाखल केलं असतं," म्हणाला. "तीन आठवडे होते. वाचलीच असती असं मी म्हणू शकत नाही. पण तीन आठवडे होते."

त्यानं मला दारापर्यंत सोडलं. कपाळ टेकवलं नाही या वेळी. बरं झालं.

मे महिन्यात यायचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर. हाडं अजून देवघरापुढेच आहेत, घराण्याच्या कबरीत ठेवायला माझा हात धजला नाही. आईचा हक्क पहिला. तू सांग, मी पाठवीन, नाहीतर कुणाला तरी पाठवून ने.

मासा परत करता येत नाही, तो खाल्ला. तुझं पत्र मात्र यासोबत परत पाठवतेय. ज्या बाईला तू ते लिहिलंस, ती मी नाही.

हात्सु